वलांडीखालची जमीन

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस लागते. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे टाकत ती डोंगरीच्या चढाला लागते आणि तासाभराच्या आत माणूस कोळीवाड्यात उतरतो. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या आम्हा लाखो लोकांसाठी उत्तन म्हणजे बहुधा रविवारची हवा खायची जागा. वेलंकणी मातेचं तीर्थस्थान, दीपगृह, आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत 1739 साली मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला, एवढं पाहून परतणारेच जास्त. वाटेत बांबूच्या उंच मांडवांवर रांगेनं टांगलेले बोंबील दिसतात, त्यांचा एखादा फोटो निघतो, आणि वासामुळे खिडकीची काच वर जाते. त्या मांडवांना कोळी वलांडी म्हणतात. माझं म्हणणं असं की या परिसरात पाहण्यासारखं पहिलं काही असेल तर ती वलांडी आणि तिच्याखालची जमीन. ती पाहायची तर दहा-बारा जणांनी एका कामाच्या दिवसासाठी जावं, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत थांबावं, आणि त्या दिवसाचे पैसे काम करणाऱ्या हातांत द्यावेत. हे पर्यटनाच्या हौसेपोटी मी म्हणत नाही. वाळवणाची जागा कामाची आहे हे शहराला कळलं नाही, तर शहर तिला मोकळी जागा समजतं आणि घेऊन टाकतं, हे माझं खरं भय आहे.

अशी सहल जगात कुठे होते, असं कुणी विचारलं तर उत्तर स्पेनच्या दक्षिणेला सापडतं. मालागा शहराच्या पूर्वेला आक्सार्किया नावाचा डोंगराळ भाग आहे. एल बोर्खे, अल्माचार अशी तिथली पांढऱ्या चुन्याची छोटी गावं मनुक्यांवर जगत आली. मस्कत जातीची द्राक्षं ऑगस्ट-सप्टेंबरात हातानं खुडतात, कारण उतार इतका उभा की यंत्र तिथे उभंच राहत नाही. मग घड 'पासेरो'वर पसरतात. पासेरो म्हणजे दक्षिणेकडे कललेले, लांबट चौकोनी जमिनीचे पट्टे. दिवसा ऊन, रात्री दवापासून वाचवायला वर कापड, आणि मध्यावर एकेक घड हातानं उलटायचा. शेवटी कात्रीनं देठ छाटत मणी वेगळे करायचे. 1878 साली मालागा प्रांतात फायलोक्सेरा ही वेलीच्या मुळांवरची कीड आली आणि बागाच्या बागा गेल्या. जे उरलं ते आजही याच पद्धतीनं चालतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2017 साली या सगळ्या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा ठरवलं. वारसा ठरला तो पाकीटबंद मनुका नव्हे. वेल, उतार, पासेरो आणि उलटणारे हात या सगळ्यांना मिळून तो मान मिळाला. छोट्या गटांच्या दिवसभराच्या सहली तिथे जातात, त्या पासेरो पाहायला. म्हणजे वाळत घालायची जमीन, जी इतर कुठल्याही हिशेबात रिकामी ठरली असती, तीच तिथे बघण्याची वस्तू झाली.

आपल्याकडे बेदाणा म्हटला की सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, जत हा पावसाच्या सावलीतला टापू. हवा कोरडी, फेब्रुवारीपासून वारा तापलेला. 'तास-ए-गणेश' या द्राक्षाच्या जातीतला 'तास' हा तासगावचाच. इथली रीत स्पेनहून वेगळी आहे. घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात काही मिनिटं बुडवतात. त्यानं मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर सुटतं. मग छपराखाली एकावर एक लावलेल्या जाळीच्या रॅकवर पसरतात, आणि बारा-पंधरा दिवसांत हिरवट-पिवळा बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मीरा रोडहून तासगावला एका दिवसात जाऊन येणं होत नाही, आणि जाण्याची गरजही नाही. जी गोष्ट तिथे द्राक्षाच्या बाबतीत घडते, तीच दहा-बारा किलोमीटरवर बोंबलाच्या बाबतीत घडते: सोसवणार नाही इतकं नाशवंत पीक, थोडे दिवस, ऊन, वारा, जागा आणि बायकांचे हात.

बोंबलाचं काम जवळून पाहिल्याशिवाय ही तुलना पटत नाही. डोल जाळ्यातून आलेला ताजा बोंबील हातात धरला तर तो मऊ, ओघळता लागतो. त्याच्या अंगात दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. हे काम बायकांचं. त्या मासे धुतात, दोन बोंबील घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टांगतात, एक अलीकडे, एक पलीकडे. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले, म्हणून एकदा गुंतले की सुटत नाहीत. ना चिमटा लागतो, ना दोरा. पहिल्या दिवशी जोडीतून पाणी ठिबकतं, दुसऱ्या दिवशी अंग आकसतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी काडीसारखा कडक झालेला बोंबील वाऱ्यावर एकमेकांवर आपटून खडखडतो. खाली जमिनीवर जवळा पसरलेला असतो, आणि त्याला हातानं चाळवत राहावं लागतं. मीठ बहुधा लावतच नाहीत. भरवसा फक्त उन्हावर आणि वाऱ्यावर. आता हिशेब मांडू. एक किलो बेदाण्यासाठी उन्हाला तीन किलो पाणी न्यावं लागतं. सुक्या बोंबलात थोडा ओलावा राहतो असं धरलं, तरी एक किलो सुक्या बोंबलासाठी सात-आठ किलो पाणी जावं लागतं, आणि तेही चार दिवसांत, मासा बिघडायच्या आत. त्यामुळे जागा जास्त लागते, वारा मोकळा लागतो, वलांडी अशीच उंच आणि विरळ बांधावी लागते. समोर इमारत उभी राहून वारा अडला, तर जमीन तेवढीच राहते आणि काम निम्मं होतं.

कामाची जागा मोकळी समजली जाते, ही गोष्ट आम्ही एकदा घडताना पाहिली आहे, फक्त त्या वेळी बोंबलाऐवजी मीठ होतं. भाईंदर आणि मीरा रोडच्या दोन्ही बाजूंना मिठागरं पसरलेली होती. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, बांध घालून एका खणातून दुसऱ्यात सोडत घट्ट करायचं, आणि उन्हाळ्यात शेवटच्या खणातून मीठ ओढायचं. आगर पिकवणारा म्हणून आगरी असं नाव समाजाला पडलं, इतकं ते काम या जमिनीशी जोडलेलं. आज त्यातली बरीच आगरं मीठ पिकवत नाहीत, आणि इथे नव्यानं राहायला आलेल्या माणसाला लोकलच्या खिडकीतून दिसणारं ते पाणथळ म्हणजे वापराविना पडलेली जमीन वाटते. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती, आणि इतक्या लोकांना घर हवं हे मला मान्य आहे. मीही अशाच एका इमारतीत राहते. पण घर हवं म्हणून उन्हाच्या जागेला पडीक म्हणणं हे खोटं वर्णन आहे. कायदासुद्धा तसं म्हणत नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत, किनाऱ्याच्या आराखड्यात मासळी सुकवण्याच्या जागा दाखवाव्यात असं स्पष्ट म्हटलं होतं. कागदावरची ती रेघ टिकते ती त्या जागेचं काम ओळखणारी माणसं शेजारी असली तर.

यावर पहिला आक्षेप कोळीवाड्यातूनच यावा, आणि तो रास्त आहे. आम्ही काय प्राणिसंग्रहालयातले आहोत का, की तुम्ही तिकीट काढून बघायला यावं? म्हणूनच गट लहान हवा. दोन वलांड्यांमधली वाट एका डोक्यावरच्या टोपलीपुरती असते. तीस माणसं तिथे उभी राहिली की टोपलीवालीला थांबावं लागतं, आणि तिचं थांबणं म्हणजे मासा उन्हात न जाता टोपलीत राहणं. दहा जण आले तर ते बाजूला सरकू शकतात, प्रश्न विचारू शकतात, आणि हवं तर जबड्यात जबडा अडकवायला शिकू शकतात. शिकवणारीला तिच्या वेळेचे पैसे मिळाले पाहिजेत, आणि 'नको' म्हणायचा अधिकार तिचाच असला पाहिजे. ज्या दिवशी मासळी भरपूर आली आहे, त्या दिवशी पाहुणे नकोत असं बायकांनी ठरवलं तर सहल रद्द व्हावी. यात पाहुण्यांची गैरसोय आहे, आणि ती असायलाच हवी.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. पर्यटन आलं की मागोमाग जमिनीचा दलाल येतो. गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात रिसॉर्ट आणि बंगले कसे उभे राहिले हे सगळ्यांसमोर आहे. मग वलांडी दाखवायला लोक आणायचे म्हणजे वलांडीच्या जागेचा भाव वाढवायचाच नाही का? धोका खरा आहे, पण रिसॉर्टला येणारा माणूस समुद्राचा देखावा विकत घेतो. वाळवण त्या देखाव्याच्या आड येतं, वास येतो, म्हणून ते हलवलेलं त्याला हवं असतं. वाळवण पाहायला आलेल्या माणसाची सहल वाळवण हललं की संपते. एकाला जागा रिकामी हवी, दुसऱ्याला भरलेली. आक्सार्कियात डोंगरउतारावरचा पासेरो राखून ठेवण्यात गावाचा फायदा आहे, कारण येणारा त्याच्यासाठीच येतो. उत्तनलाही मुक्काम नको, दिवसाचीच सहल हवी असं मी म्हणते ते याचमुळे. रात्र काढायची म्हटली की खोली लागते, खोलीला जमीन लागते.

वासाबद्दल फार बोलावं असं वाटत नाही. आंबलेल्या द्राक्षाचा वास आम्हाला रम्य वाटतो आणि वाळत्या मासळीचा घाण, यात नाकापेक्षा सवयीचा भाग मोठा. नीट सुकलेल्या बोंबलाला कुजका वास येत नाही. वास येतो तो पावसात भिजलेल्या, सुकणं अर्धवट राहिलेल्या मासळीला. त्याच बोंबलाचं कांदा-टोमॅटो घालून केलेलं सुकं तांदळाच्या भाकरीबरोबर दुपारी त्याच अंगणात मिळालं, तर काचा वर करणाऱ्यांपैकी अर्धे तरी बदलतील.

एक आक्षेप मात्र सुशिक्षितांकडून हमखास येतो: उघड्यावर सुकवण्याचे दिवस गेले, सौर ड्रायर आणा, स्वच्छता वाढेल आणि जागाही वाचेल. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं मासळीसाठी असे ड्रायर तयार केले आहेत आणि त्यांचा उपयोग आहे, विशेषतः अवकाळीत. 2021 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबई परिसरात जोरदार पाऊस झाला. अशा एका रात्रीत वलांडीवरचा माल जातो, आणि तेव्हा ज्यांच्याकडे ड्रायर असेल त्यांचा थोडा तरी वाचेल. सांगलीकडे छपराखालचा रॅक आला तोही हवामानावर मात करायलाच. पण ड्रायर ही पावसाळी छत्री आहे. हंगामात एकाच दिवशी किनाऱ्याला लागणारी मासळी आणि वर सांगितलेला पाण्याचा हिशेब एकत्र ठेवला, तर किती ड्रायर लागतील आणि ते कोण विकत घेईल, हे प्रश्न उभे राहतात. दोरी आणि बांबू प्रत्येक घराला परवडतात. ड्रायर ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला परवडतो, आणि मग बाकीच्या बायका त्याच्याकडे मजुरीला जातात. जागा वाचते खरी, पण ती कोणाच्या हातून निसटते तेही पाहायला हवं. ड्रायर वलांडीच्या जोडीला यावा. तिच्या जागी आला तर तो विकास मला मान्य नाही.

सहलीचे महिनेही नेमके निवडावे लागतील. नोव्हेंबर ते मे. मेअखेरीला तर कोळीवाड्यात आगोटीची घाई असते. सुके बोंबील, जवळा, सुकट यांची पावसाळ्याची बेगमी करायला भाईंदर-वसईकडून गिऱ्हाईक येतं, आणि मोजायला बसलेल्या बायकांना मान वर करायला फुरसत नसते. मग जून-जुलैत मासेमारी बंद होते, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि वलांडीवरच्या दोऱ्या काढून घेतात. उरतात ते नुसते बांबू, खाली चिखल आणि गवत. जमिनीची मोजणी करायला किंवा आराखडा आखायला कुणी जुलैत तिथे गेला, तर त्याला ओसाड मैदानच दिसेल, आणि तो तसंच लिहून ठेवील. त्याला जानेवारीत न्यायला हवं, सकाळी सात वाजता, बोटी लागायच्या वेळेला.