आंत किती येतें?

गेल्या पावसाळ्यांतील एका रविवारची गोष्ट. माझी पुतणी पुण्याहून दोन दिवसांकरितां घरीं आली होती. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. जेवणें आटोपतांच तिनें पिशवींतून तारा, मीटर आणि खेळण्याच्या पत्त्याएवढा एक हिरवा बोर्ड काढून टेबलावर मांडला.

"काका, तुम्ही एवढीं वर्षें पदार्थविज्ञान शिकविलेंत. सांगा पाहूं, हें काय आहे?"

मला कांहीं सांगतां आलें नाहीं. तेव्हां तिनेंच सांगितलें कीं, हा व्होल्टेज रेग्युलेटरचा, म्हणजे विजेचा दाब स्थिर ठेवणाऱ्या नियामकाचा, डेमो बोर्ड आहे. खरा नियामक म्हणजे बोर्डाच्या मध्यावरची तांदळाच्या दाण्याएवढी काळी चकती. ती आपल्या यंत्रांत बसविण्यापूर्वीं पारखून घेतां यावी म्हणून चकती बनविणारेच असे बोर्ड तयार करून देतात.

"थोडक्यांत, मुलगी दाखविण्याचा कार्यक्रम!" दादा आरामखुर्चींतून म्हणाले.

"अगदीं तसेंच, बाबा. येथें हिला ऐसपैस तांबें दिलें आहे, म्हणून ती तापत नाहीं. कपॅसिटर अगदीं तिच्या पायांशीं बसविले आहेत, म्हणून ती डळमळत नाहीं. आमच्या यंत्रांत एवढी जागा कोठली? तांबें अपुरें पडतें, कपॅसिटर दूर जातो, आणि हीच गुणी चकती तापूं लागते, नाहीं तर थरथरूं लागते."

या नियामकांना 'लो ड्रॉपआउट' म्हणतात असें ऐकून मला हसूं आलें. शाळा अर्धवट सोडणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षक तोच शब्द लावीत आलों. पण येथें त्याचा अर्थ निराळा आहे. आपल्या घरीं फ्रिजजवळ जो स्टॅबिलायझर असतो, तो दाब कमी झाला तर चढवून देतो. या चकतीला तें साधत नाहीं. ती पदरचें कांहीं घालूं शकत नाहीं. जास्त घ्यावें, ठराविक तेवढें द्यावें, आणि मधला फरक उष्णतेच्या रूपानें स्वतः सोसावा, एवढेंच तिचें काम. पांच व्होल्ट आंत घेऊन ३.३ व्होल्ट बाहेर द्यावयाचे आणि प्रवाह अर्धा अँपियर असेल, तर ०.८५ वॅटची उष्णता तिच्या अंगावर पडते.

आंतील दाब बाहेरच्यापेक्षां निदान किती जास्त हवा, या फरकाला ड्रॉपआउट म्हणतात. पांच व्होल्ट देणारा ७८०५ हा जुना, प्रसिद्ध नियामक सुमारें दोन व्होल्टांची सवड मागतो. भिंतींतल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांत तेवढी सवड सहज मिळे. आतां उपकरणें खिशांत आलीं. लिथियमचा सेल पूर्ण भरलेला असतां ४.२ व्होल्ट देतो आणि रिता होत होत तिनाच्या आसपास येतो. त्यांतून ३.३ व्होल्ट हवे असतील, तर दोन व्होल्टांची सवड मागणाऱ्याला भरलेला सेलहि पुरत नाहीं. पण ०.२ व्होल्टांत भागविणारा नियामक सेल ३.५ पर्यंत उतरला तरी आपलें काम चोख करीत राहतो.

हें ती आम्हांला प्रत्यक्ष दाखवूं लागली. एक मीटर आंतील दाब दाखवीत होतें, दुसरें बाहेरचा. ती दाब हळूहळू उतरवूं लागली. आंत पांच, बाहेर ३.३. आंत चार, बाहेर ३.३. आंत ३.६, तरी बाहेर ३.३ च. चहा घेऊन आलेल्या वहिनीहि पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. आंत ३.५ झाले तरी बाहेरचा आंकडा ढळला नाहीं. मग आंत ३.४ होतांच बाहेर ३.२ झाले, आंत ३.२ होतांच बाहेर ३.० वर आले.

"सुटला हात," पुतणी म्हणाली. "बाहेरचेंच मीटर पाहणाऱ्याला वाटेल, हें एकाएकीं झालें. म्हणून या बोर्डावर आंतील दाब मोजायलाहि खुंट्या ठेवलेल्या असतात."

तिनें हें सहज म्हटलें असावें. पण तिची दृष्टि आईकडे वळली, माझीहि वळली, आणि दादांनीं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलें.

आमचें घर अंबरनाथला पश्चिमेस, आयुध निर्माणीच्या बाजूला. पूर्वेकडे रुळांपलीकडे इ. स. १०६० मधील शिवमंदिर. महाशिवरात्रीला तेथें मोठी जत्रा भरते, आणि दर्शनाला येणारे आमचे सारे नातेवाईक आमच्याकडेच उतरतात. 'एकत्र कुटुंब पाहावें तर तुमचें' असें दरवर्षीं कोणी तरी म्हणतो, आणि आम्ही दोघे भाऊ तें संकोचानें, पण आवडीनें ऐकून घेतों. त्या दिवशीं आमचें घर म्हणजे डेमो बोर्डच असतें.

यंदाहि अठरा पाहुणे झाले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वहिनी ओट्यापाशीं कोसळल्या. इस्पितळांत रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन सात निघालें. गुडघ्यांच्या दुखण्यावर त्या किती तरी महिने दुकानांतून आणलेल्या गोळ्या घेत होत्या, आणि त्याहि बहुधा उपाशीं पोटीं. पोटांत व्रण होऊन थोडें थोडें रक्त जात होतें. डॉक्टरांनीं आम्हां भावांना विचारलें, "हें एका दिवसाचें नव्हे. घरांत कोणाच्या लक्षांत कसें आलें नाहीं?"

लक्षांत येणार कसें? आदल्या दिवसापर्यंत पोळ्या तशाच गोल, चहा तसाच चारला, लोकल गांठणाऱ्यांचे डबे तसेच सातला. दादांचा कारखाना बंद पडला त्या वर्षींहि या घरांतून बाहेर येणारा आंकडा ढळला नव्हता. आम्ही तोच आंकडा पाहत होतों आणि समाधानी होतों. पुष्कळ दिवस मी म्हणत असें, 'वहिनी कधीं बोलल्याच नाहींत.' त्या हिरव्या बोर्डानें माझें तें समाधानहि काढून घेतलें. बोलल्या नाहींत हें खरें. पण विचारलें कोणीं? चाळीस वर्षें आम्ही त्यांच्याकडून घेतलें तें मोजलें; त्यांच्यापर्यंत काय पोंचतें, याचें मीटर आमच्या घरांत नव्हतेंच.

औषधांनीं वहिनी आतां बऱ्या आहेत. सकाळची भाजी मी चिरतों. दादा गोळ्यांचा डबा संभाळतात, आणि जेवण झाल्याखेरीज गोळी हातीं देत नाहींत. "कसें वाटतें?" या प्रश्नाला वहिनींचें उत्तर अजून "बरें आहे" हेंच असतें. तें बाहेरचें मीटर. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारावयास शिकलों आहें: "रात्रीं झोप किती लागली? सकाळपासून पोटांत काय गेलें?" प्रथम त्या हसत, आतां खरें सांगतात.

परवां संध्याकाळीं पाऊस कोसळत होता. वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आज माझ्याच्यानें पोळ्या होणार नाहींत. बाहेरून आणा."

या घरांत हें वाक्य मीं प्रथमच ऐकलें. मीं छत्री घेतली आणि स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्राकडे निघालों. पोळ्या जरा जाड होत्या. पण दादांनीं एक जास्तच खाल्ली.