मुरण्याचे मोल

लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, जमिनीत पाणी मुरते आणि एखाद्या कामात उभे आयुष्य घालविलेल्या माणसालाही आपण ‘मुरलेला’ म्हणतो. काळाचे केवढे तरी काम मराठीने या एका क्रियापदात साठवून ठेवले आहे! द्राक्षारसाच्या संदर्भात मात्र हा शब्द आपल्या तोंडी क्वचितच येतो. आपल्याला द्राक्षारस ठाऊक आहे तो वेदीवरचा, चषकाच्या तळाशी जेमतेम दिसणारा. त्याचे वय विचारण्याचा प्रसंग कोणावर येत नाही. स्पेनच्या उत्तरेकडील रिओहा प्रांतात मात्र मुरण्याचा हा काळ बाटलीवर छापण्याची रीत आहे. ‘क्रियान्सा’ म्हणजे किमान २ वर्षे मुरलेला, त्यांपैकी १ वर्ष ओकच्या पिंपात. ‘रेझेर्वा’ म्हणजे किमान ३ वर्षांचा. आणि ‘ग्रान रेझेर्वा’ म्हणजे किमान ५ वर्षांचा, त्यांपैकी निदान २ वर्षे पिंपात आणि २ वर्षे बाटलीत काढलेला. थांबण्याचा असा हिशेब ठेवणाऱ्या त्या प्रांताविषयी चार शब्द लिहावेत, असे अनेक दिवस मनात होते.

आमचा मुक्काम सध्या कोयनानगरात आहे. द्राक्षाचा मांडव येथे टिकणार नाही. वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस जेथे कोसळतो, तेथे द्राक्षाचा घड पिकण्याआधीच कुजावयाचा. परंतु पूर्वेकडे उतरत गेलो, की चित्र पालटते. सह्याद्री सारा पाऊस स्वतःच्या अंगावर घेतो आणि तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागांच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्साही जेमतेम येतो. ती कोरडी हवा द्राक्षाला मानवते. उणीव असते ती पाण्याची. आणि ते पाणी पुष्कळ अंशी येथूनच जाते. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पुढे कृष्णा-कोयना उपसा सिंचन योजनेच्या ताकारी व म्हैसाळ या टप्प्यांतून हे पाणी चढावर उचलून बागांपर्यंत नेले जाते. येथे पडलेला पाऊस काही महिन्यांनी तिकडे मण्यांत उतरतो.

रिओहाचीही घडण अशीच आहे. तिच्या उत्तरेस कांताब्रिया नावाची डोंगररांग आहे. अटलांटिक महासागरावरून येणारे ओले वारे ती अडविते आणि तिच्या दक्षिणेस, एब्रो नदीच्या खोऱ्यात, द्राक्षमळे पसरलेले आहेत. तेथील मुख्य द्राक्ष काळे, ‘टेम्प्रानिलो’ नावाचे. स्पॅनिश भाषेत ‘टेम्प्रानो’ म्हणजे लवकर. इतर जातींच्या आधी पिकणारे म्हणून हे नाव. ज्या फळाच्या नावातच घाई आहे, त्याच्या रसाला जगात सर्वांत अधिक थांबावयास लावणाऱ्या प्रांतांपैकी हा एक, ही गंमत आम्हांस फार आवडते.

हे थांबणे तेथे प्रथम आणले ते एका धर्मगुरूंनी. लाबास्तिदा या गावचे मानुएल किंतानो हे बुर्गोसच्या कॅथीड्रलमधील एक पदाधिकारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी फ्रान्समधील बोर्डो येथील पद्धतीचा अभ्यास केला आणि १७८० च्या दशकात आपल्या गावी ओकच्या पिंपांत द्राक्षारस मुरविण्यास आरंभ केला. तोवर रिओहाचा द्राक्षारस वर्षभरात संपवावा लागे. तो दूरच्या प्रवासात टिकत नसे. किंतानोंचा माल अटलांटिक ओलांडून अमेरिका खंडात न बिघडता पोहोचला. परंतु घोडे अडले ते दराशी. द्राक्षारसाची किंमत गावात ठरवून दिलेली असे. पिंपांचा खर्च आणि थांबण्याचा काळ यांचे अधिक दाम किंतानोंना मिळावे, हे गावकऱ्यांना मान्य नव्हते. सर्वांचा माल एकाच भावाने विकावयाचा असेल, तर थांबावे कोणी? प्रयोग यशस्वी झाला, तरी रीत म्हणून तो रुजला नाही. तो रुजावयास आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. १८५२ साली लुसियानो मुर्रिएता यांनी लोग्रोन्यो येथे आणि १८५८ पासून मार्केस दे रिस्काल यांनी एलसिएगो येथे तीच पद्धत पुन्हा उभी केली. पुढे फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्सचे मळे ओस पडले, तेव्हा बोर्डोचे व्यापारी मालाच्या शोधात डोंगर ओलांडून रिओहात आले. मुरविलेल्या रसाला गिऱ्हाईक मिळाले आणि मग पिंपांच्या रांगा लागल्या. १९२५ साली या प्रांताच्या नावाला संरक्षण मिळाले. १९९१ साली स्पेनमधील सर्वोच्च दर्जा प्रथम याच प्रांताला देण्यात आला.

या पिंपात घडते तरी काय? ‘पिंप’ हा आपला शब्द मूळ पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेला. आपल्याकडे पिंप म्हटले, की पाण्याचे किंवा रॉकेलचे डोळ्यांपुढे येते. द्राक्षारसाचे पिंप ही निराळी वस्तू आहे. ओकच्या फळ्या दोन-तीन वर्षे उघड्यावर उन्हापावसात ठेवतात; त्यांतील कडवटपणा निघून जातो. मग आगीच्या उष्णतेने त्या वाकवून, खिळा वा सरस न वापरता, केवळ लोखंडी कड्यांनी आवळतात. रिओहाचे पिंप २२५ लिटरचे असते. ओकचे लाकूड असे, की त्यातून रस गळत नाही, पण हवा मात्र अगदी कणाकणाने आत येते. त्या हवेने नव्या रसाचा तुरटपणा मावळतो, रंग स्थिरावतो. रिओहात पूर्वापार अमेरिकन ओक वापरतात. त्याचा व्हॅनिलासारखा सुवास रसात उतरतो. अधूनमधून रस एका पिंपातून दुसऱ्यात काढून गाळ मागे ठेवावा लागतो. रस नितळ आला की नाही, हे मेणबत्तीच्या उजेडात पाहण्याची तेथील जुनी चाल आहे. काही भाग लाकडातून उडून जातो, तो ‘देवदूतांचा वाटा’ समजावयाचा. आणि हे सारे होत असताना मालकाचा पैसा तळघरात अडकून पडलेला असतो. पिंपाचा खरा खर्च लाकडाचा नव्हे, या अडकलेल्या वर्षांचा आहे.

आता आपल्या खोऱ्याकडे वळू. धीर आपल्या शेतकऱ्याजवळ नाही, असे कोणी म्हणू नये. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या वेलींतून ‘तास-ए-गणेश’ हा वाण निवडला. अशा निवडीला हंगामामागून हंगाम वेल न्याहाळावी लागते. शिवाय युरोपातील वेल हिवाळ्यात झोपते; आपली वेल झोपतच नाही. एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, असे दोन्ही वेळा बागायतदाराला तिच्याबरोबर जागावे लागते.

२००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्याने आखली. अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या. हे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे; ते टेबलावर खपत नाही, त्याचा बेदाणाही होत नाही. २००८-०९ च्या मंदीत मागणी घसरली, कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या आणि राज्यात कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. पलूसच्या उद्यानातही अपेक्षेइतके कारखाने उभे राहिले नाहीत. तरीही काहींनी चिकाटी सोडली नाही. दिंडोरी तालुक्यात स्पेनचा टेम्प्रानिलो लावला गेला आणि त्याचा रस ओकमध्ये मुरविला गेला. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोहिते-पाटील बंधूंनी इटालियन भागीदारांसह मळे उभे केले. तेथील एक लाल वाइन फ्रेंच ओकमध्ये वर्षभराहून अधिक काळ ठेवली जाते.

तासगावकडील एका बागायतदाराला आम्ही या ग्रान रेझेर्वाची हकिगत सांगितली. तो शांतपणे म्हणाला, “फादर, पाच वर्षं थांबायला आमची ना नाही. पण सोसायटीचं कर्ज मार्चला भरायचं असतं. मार्च थांबतो का?” या प्रश्नात किंतानोंचे सारे दुःख आले. थांबण्याची कला माणसाच्या अंगी असून भागत नाही. त्या थांबण्याचे मोल द्यावयास भोवतीचा समाज तयार असावा लागतो.

येथे एक अडचणीची गोष्ट बोलणे प्राप्त आहे. धर्मग्रामातील ज्या माउलींच्या घरी पगाराचा दिवस हा भीतीचा दिवस असतो, त्यांच्यापुढे ओक आणि सुवास यांचे कौतुक करणे क्रूरपणाचे होईल. आम्ही अशा घरांत बसलो आहोत. २०२२ च्या जानेवारीत किराणा दुकानांसारख्या मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा मोठे वादळ उठले. एक बाजू म्हणे, वाइन म्हणजे दारू नव्हे. दुसरी म्हणे, ही घराघरांत दारू पोहोचविण्याची वाट आहे. आमच्या मते, वाइनमध्ये मद्यार्क असतो, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्याला ती सोसत नाही, त्याने तिला शिवू नये, मग ती पाच महिन्यांची असो वा पाच वर्षांची. बेन सिराच्या ग्रंथातही द्राक्षारसाचा आनंद सांगितला आहे तो वेळ आणि माप सांभाळणाऱ्यासाठी. मर्यादा सोडणाऱ्यासाठी तेथे कटुताच आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील अटही साधी आहे: वेदीवरचा द्राक्षारस नैसर्गिक असावा, द्राक्षवेलीच्या फळाचा असावा आणि बिघडलेला नसावा. तो किती जुना, किती महाग, याविषयी तेथे अट नाही. ओकच्या पिंपाने त्याला अधिक पावित्र्य येत नाही.

मग या परक्या प्रांताच्या हकिगतीतून आपण काय घ्यावे? बाटली नव्हे; हिशेब घ्यावा. आपल्या खोऱ्यात थांबण्याची एक निर्व्यसनी रीत आधीच आहे, ती बेदाण्याची. दर पडले, की घड सावलीच्या शेडमध्ये सुकतात, पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो, शीतगृहात राहतो आणि सणासुदीच्या भावाची वाट पाहतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे आणि तिच्यात बेदाण्याचाही समावेश आहे. माल गोदामात ठेवावयाचा, त्याच्या किमतीचा काही भाग कर्जाऊ घ्यावयाचा आणि भाव येईतो थांबावयाचे. किंतानोंच्या काळी लाबास्तिदाला अशी सोय असती तर!

पतसंस्था म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. वसईत १९१८ साली आपल्या लोकांनी कॅथॉलिक बँक उभी केली, ती गरजूला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणूनच. तेव्हा आपल्यापैकी जे बँकांत, सोसायट्यांत, बाजार समित्यांत काम करतात, त्यांना आमची विनंती आहे. या शिशिरात एखादा बागायतदार तुमच्या टेबलाशी आला, तर तारण कर्जाचा अर्ज त्याला स्वतः भरून द्या. ‘थांबला तो संपला’ असे आपण मुलांना शिकवितो. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याच्या बाबतीत ते खरेही ठरते. त्याच्या पाठीशी उभे राहणे तेवढे आपल्या हाती आहे.