भार मनगटावर नको

आमच्या धाकट्याने दोन वर्षांपूर्वी जुनी स्पोर्ट्स मोटारसायकल घेतली. देहूरोडहून चाकणच्या एमआयडीसीत कामाला जायचे, पाळी दर आठवड्याला बदलणारी, त्यामुळे गाडीची गरज सगळ्यांना मान्य होती. पण ही गाडी? त्याच्या आईचे म्हणणे, कामगाराने कामगाराची गाडी घ्यावी. तिचे खोटे नव्हते. आमच्या पिढीने लुना वापरली, एम-८० वापरली, कुणी पुढे सीडी-१०० घेतली. त्या गाड्यांवर डबा, गॅसची टाकी, बायको, दोन मुले असा सगळा संसार जायचा. आमच्या घरात आजवर जे जे चाक आले ते ओझे वाहायलाच आले. आवडली म्हणून आलेली ही पहिली गाडी. ती विकायची पाळी येऊ नये असे मला मनातून वाटत होते.

आणि तशी पाळी आलीच होती. तीन-चार महिन्यांत त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर व्हायला लागले. मनगट दुखायचे, मान आखडायची, ते तो सांगत नव्हता. पण त्याचे काम वायरिंगच्या बारीक क्लिपा बसवण्याचे आणि नोकरी कंत्राटी. बोटे चालली नाहीत तर दुसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसरा माणूस उभा राहणार. ईएसआयच्या डॉक्टरीणबाईंनी हात तपासून सांगितले की तळव्याच्या करंगळीकडच्या कडेने जी नस जाते, तिच्यावर दाब पडतो आहे. दाब थांबला तर बोटे सुधारतील, न थांबला तर दुखणे वाढत जाईल. घरी आल्यावर त्याची आई एवढेच म्हणाली, "गिऱ्हाईक बघा."

या गाड्यांची बैठक अशी का असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून शर्यतीतला स्वार टाकीवर जवळजवळ छाती टेकून बसतो. त्याच्यासाठी हँडलचे दोन तुकडे करून ते पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना खाली बसवतात आणि फुटरेस्ट मागे आणि वर नेतात. आपल्याकडे यामाहाने २००८ मध्ये आर-१५ आणली, त्यानंतर ही बैठक साध्या घरातल्या पोरांपर्यंत पोहोचली. पण या बैठकीत वाऱ्याचा आधार धरलेला असतो. मोठ्या वेगात समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि हात हलके होतात. तळवड्याच्या चौकात ट्रक-टेम्पोच्या गर्दीत ताशी वीसच्या वेगाला वारा कुठून येणार? तिथे छातीचा, डोक्याचा आणि हेल्मेटचा सगळा भार दोन तळव्यांवर येतो.

मी आयुष्यभर फिटरचे काम केले, त्यामुळे हे गणित मला कळत होते. पण त्यावरचा तोडगा सांगितला आमच्या अण्णांनी, माझ्या वडिलांनी. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि मोटारसायकल त्यांनी जन्मात चालवलेली नाही. १९६०च्या दशकात ते पुण्याच्या भवानी पेठेत, भुसार बाजारात हातगाडीवर होते. नातू बोटे चोळत बसलेला पाहून त्यांनी विचारले, "गाडी हातानं ढकलतोस का रं?"

मग त्यांनी सांगितले की नवा हमाल आला की आधी त्याचे हात जायचे. जुना माणूस दांड्याला हात नुसते लावून ठेवायचा. रेटा मांड्यांचा, पोटाचा. वाकायचे तेही खुब्यातून. पाठीला पोक काढून वाकला तो दोन वर्षांत बाद. हे सांगत ते उठले, दाराच्या चौकटीला हात लावून पुढे झुकले आणि म्हणाले, "आता माझा हात उचल." पोराने उचलला, सहज उचलला गेला. अण्णा होते तसेच झुकलेले राहिले.

पुढचे दोन रविवार आम्ही बापलेकांनी गाडीपाशी घालवले. तो टाकीला पार चिकटून बसत होता, त्यामुळे पाठीचा बाक निघत होता. त्याला मागे सरकवले, टाकी आणि शरीर यांत चार बोटे जागा ठेवली. आता तो खुब्यातून वाकू लागला आणि पाठ लांब राहिली. गुडघे टाकीला घट्ट, पायाचा चवडा फुटरेस्टवर, पोट किंचित आवळलेले. सीटचे रेक्झिन गुळगुळीत होते, ब्रेक लावला की तो पुढे घसरायचा आणि हातांवर आदळायचा. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी पट्ट्या चिकटवल्या, त्याने गुडघ्यांना पकड आली. सगळ्यांत मोठा फरक पडला तो लिव्हरने. क्लच आणि ब्रेक दोन्ही लिव्हर इतके वर होते की बोटे ठेवताना मनगट मोडल्यासारखे वर वळायचे. बोल्ट सैल करून ते खाली फिरवले. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ आली, तेव्हा थांबलो. एक्सलेटरही तो मुठीत आवळून धरत होता. तो स्क्रू-ड्रायव्हरसारखा तिरपा, हलका धरायला शिकवले.

भार हातावर आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर हात हँडलवर ठेवूनच कोपरे थोडी वरखाली हलवून पाहायची. ती मोकळी हलली आणि गाडी सरळ चालत राहिली, तर हात रिकामे आहेत. कोपरे ताठ असतील तर शरीर हातांवर लटकलेले आहे.

पाठीवरच्या पिशवीचेही तसेच. डबा, पाण्याची बाटली, रेनकोट मिळून चार-पाच किलो खांद्यांवर, म्हणजे पुन्हा मनगटांवर. ती पिशवी आता मागच्या सीटला बांधतो. हँडल उंच करायचे सुटे भाग मिळतात. एका गॅरेजवाल्याने स्वस्तात करून देतो म्हटले, मी नको म्हटले. हँडल वर गेले की ब्रेकचा पाइप ताणला जातो, केबली कमी पडतात. ब्रेकशी खेळ करून मनगट वाचवायचे, हा सौदा मला पटत नाही.

आमच्या देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तिथे रविवारी वंदनेला बसताना भन्तेजी कणा सरळ आणि खांदे सैल ठेवायला सांगतात. धाकटा एकदा म्हणाला, हेच तर गाडीवर करायचे आहे. तेव्हा मला महावग्गातला सोण आठवला. चंक्रमण करताना त्याने पाय रक्तबंबाळ करून घेतले होते, आणि भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण करून दिली, फार ताणलेली नको, फार सैलही नको. पोराचे पहिल्या आठवड्यात तसेच झाले. हात सोडायला सांगितले तर त्याने पोट आणि मांड्या इतक्या आवळल्या की चाकणला पोहोचेपर्यंत गोळे आले. ताकद यायला दीड महिना लागला. घरी तो रोज पोट-पाठीचे दोन-तीन साधे व्यायाम करतो, त्याचा गाडीवर उपयोग होतो.

त्याच्या आईला मात्र त्या गाडीवर मागे बसवत नाही. मागची सीट उंच आणि अरुंद, धरायला धड काही नाही. साडीत बसणे तर धोक्याचेच. शिवाय ब्रेक लागला की मागच्याचा भार पुढच्याच्या पाठीवर आणि तिथून मनगटांवर येतो. ती बसने जाते, आणि तेच बरे.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत मात्र या बैठकीचे काही चालत नाही. गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते, क्लच सतत दाबलेला, इंजिनाची धग मांड्यांना लागते आणि वाऱ्याचे नाव नाही. पहिल्या वर्षी हौसेने निळा झेंडा लावून तो तीन तास गाडीवर होता आणि रात्री त्याला भाकरी मोडता येईना. आता गाडी घरी ठेवून तो लेझीम पथकात जातो.

त्याच्या करंगळीची संवेदना चार महिन्यांनी परत आली. रात्री झोपेतही बोटे बधिर होत असतील तर मात्र बैठक बदलत बसू नये, आधी डॉक्टरांना हात दाखवावा. बाकी लिव्हर फिरवायला पाना आणि दहा मिनिटे लागतात. गेल्या रविवारी वंदनेनंतर वस्तीतली दोन पोरे आपापल्या गाड्या घेऊन आमच्या दारात आली होती. अण्णांनी त्यांनाही आधी चौकटीपाशी उभे केले.