पावती पुस्तक आणि प्रपोजल

‘प्रोजेक्ट’ म्हटलं की आपल्या कॉलेजात दोनच प्रश्न विचारले जातात. गाईड कोण? आणि मागच्या वर्षीचा रिपोर्ट कुणाकडे आहे? पैसे कुठून आणणार, हे कुणी विचारत नाही, कारण ते आई-बाबांच्या खिशातून येतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं! पण सबमिशन नाही, मार्क्स नाहीत, व्हायव्हा नाही, असं एखादं काम करायचं मनात आलं, की हाच न विचारलेला प्रश्न सगळ्यात आधी समोर उभा राहतो.

आम्हा तिघी मैत्रिणींच्या मनात आलेलं काम तसं साधंच होतं. मी राहते भवानी पेठेत. आमच्याकडे गजर वाजायच्या आधी मागांचा खडखडाट सुरू होतो. मागावर आयुष्य काढलेल्या जुन्या माणसांचं बोलणं म्हणजे तेलुगू, मराठी आणि हिंदीची मस्त मिसळ. धोटा, कांडी, फणी, ताणा, बाणा... माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ‘शटल’ मला पुस्तकातून माहीत होतं, पण शेजारच्या खोलीत दिवसभर पळणारा तो धोटा, हे कॉलेजात आल्यावर कळलं. एक माग भंगारात गेला की त्याच्यासोबत दहा-वीस शब्दही जातात. म्हणून ठरवलं, साठी ओलांडलेल्या पंचवीस जणांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, तेलुगू भाग मराठीत आणायचा आणि शब्दांची एक छोटी पुस्तिका छापायची.

हिशेब मांडला. रेकॉर्डर १२,००० रुपये, तेलुगू उतरवून भाषांतर करायला २०,०००, छपाई १५,००० आणि पंचवीस जणांना प्रत्येकी ५०० रुपये मानधन, म्हणजे १२,५००. एकूण ५९,५००. ‘मानधन कशाला? गप्पाच तर मारायच्या!’ असं एक जण म्हणाला. पण यातले कितीतरी जण अजूनही कामावर जातात. ते आपल्याशी तासभर बोलले की त्यांचं तासभराचं काम बुडतं. आपला अभ्यास त्यांच्या मजुरीवर का व्हावा?

मग सुरू झाली शोधाशोध. पहिलं दार कंपन्यांचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत कला, संस्कृती, वारसा यांचंही नाव आहे. आम्ही खूष! पण पुढे वाचलं, तर हा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा तर ती नोंदणीकृत हवी, तिला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा, आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून तिची सरकारदरबारी नोंद झालेली हवी. संस्था काढायची तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली सात माणसं लागतात. आम्ही तीन! सात जमवले तरी पुढची तीन वर्षं अनुभव घेण्यात जाणार, तोवर आम्ही पुण्या-बंगळूरला कुठल्यातरी कंपनीत चिकटलेलो असू.

दुसरं दार सरकारचं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी महिना ५,००० रुपयांची, दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, पण ती गुरूकडे कला शिकणाऱ्यांसाठी. ज्युनियर फेलोशिपमध्ये महिना १०,००० मिळतात, पण वय हवं २५ ते ४०. मी वीसची! म्हणजे एका योजनेसाठी कला कमी, दुसरीसाठी वय कमी.

तिसरं दार खाजगी ट्रस्टचं. एका ट्रस्टने आमचा अर्ज वाचून विचारलं, ‘लाभार्थी किती?’ आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं, पंचवीस. उत्तर आलं, संख्या फार कमी आहे. आता शब्द वाचले तर लाभार्थी कोण आणि किती, हे कुठल्या रकान्यात भरायचं? त्यातल्या त्यात बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं दार उघडं दिसलं. १९९३ मध्ये सुरू झालेली ही संस्था एकेकट्या व्यक्तीलाही अनुदान देते, आणि प्रस्ताव भारतीय भाषांतून लिहिता येतो. पण प्रस्ताव लिहायचा, तो निवडला जायचा, याला महिने लागतात. आमच्या यादीतले पहिलेच आजोबा, ज्यांना हातमागाच्या काळातलं सगळं आठवत होतं, ते दिवाळीच्या आधी गेले. त्यांचा एकही शब्द आमच्याकडे नाही.

तेव्हा मला गल्लीतली मंडळाची पोरं आठवली. कुणी एमबीए नाही, प्रपोजल हा शब्द ऐकलेला नाही, पण हातात पावती पुस्तक घेऊन दर वर्षी वर्गणी उभी करतात! का मिळते त्यांना? कारण देणाऱ्याला मांडव दिसतो. मूर्ती दिसते. उत्सवानंतर फळ्यावर जमाखर्च लागतो. आमचा ‘मांडव’ कुठे होता? आमच्या फायलीत.

आणि सोलापुरात पैसा फक्त उत्सवालाच मिळतो असं म्हणू नका. १९४० साली इथल्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी ठरवलं, की आपली संपत्ती धर्माच्या आणि समाजाच्या कामी लावायची. आज आपण पैसे देणाऱ्याच्या शोधात फिरतो. हे गृहस्थ उलट, देशभर फिरून जैन विद्वानांना विचारत होते, की माझा पैसा कोणत्या कामाला लावू? १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ तीर्थावर त्यांनी विद्वानांना एकत्र बसवलं. त्यातून जैन संस्कृति संरक्षक संघ निघाला, त्याला त्यांनी ३०,००० रुपये जाहीर केले, आणि १९४४ मध्ये आपली सुमारे दोन लाखांची सगळी मालमत्ता ट्रस्ट करून देऊन टाकली. त्यातून चालली ती जीवराज जैन ग्रंथमाला, पत्ता फलटण गल्ली, सोलापूर! ‘तिलोयपण्णत्ति’ हा विश्वरचना आणि गणित असलेला प्राचीन प्राकृत ग्रंथ तिथून निघाला. त्याच मालेत १९४९ साली आसामच्या कृष्णकांत हंदिकी यांचा ‘यशस्तिलक’ या दहाव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथावरचा इंग्रजी अभ्यास छापला गेला. गुवाहाटी विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंचं पुस्तक आणि खर्च सोलापूरच्या माणसाचा! लाभार्थी किती, असं कुणी विचारलं असतं तर हे पुस्तक निघालं असतं का?

यातून मला एक गोष्ट समजली. जीवराजभाईंनी ‘काय करू?’ विचारलं, तेव्हा त्या विद्वानांकडे उत्तर तयार होतं. विचारणारा भेटेल तेव्हा भेटेल, उत्तर मात्र आपल्याकडे तयार हवं.

म्हणून आम्ही रेकॉर्डरचा खर्च कापला आणि मोबाईल वापरला. गेल्या गणपतीत मांडवाशेजारी एक टेबल मांडून त्यावर धोटा, कांड्या, फणीचा तुकडा ठेवला, आणि साठ शब्द मोठ्या अक्षरांत लिहून लावले. माणसं थांबली. भांडली सुद्धा! ‘याला आमच्यात असं नाही म्हणत,’ म्हणत एका आजींनी अकरा शब्द दुरुस्त केले. एका सुताच्या दुकानदारांनी २,००० रुपये दिले आणि लगेच पावती मागितली. पावती लिहून दिली, आणि शेवटच्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर आमचाही जमाखर्च लावला. जमा ७,३५०, खर्च ४,९००. त्यातले साडेचार हजार नऊ जणांचं मानधन.

बाकीच्या सोळा जणांसाठी प्रस्ताव लिहून झालाय, मराठीत. सोबत नऊ मुलाखती आहेत आणि त्या फळ्याचा फोटो आहे. अनुदान मिळेल, न मिळेल. पण दहाव्या आजींनी रविवारी दुपारी बोलावलंय, आणि शिल्लक २,४५० रुपयांत त्यांचे पाचशे नक्की बसतात.