सोळा सेकंद

हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायची वायर ०.३६ मिलिमीटर जाडीची असते. नवा शिकाऊ डॉक्टर कॅथलॅबमध्ये आला की मी आधी ती त्याच्या चिमटीत देते. टोकाला बारीक बाक कसा द्यायचा, वायर फिरवायचा टॉर्कर किती हलका धरायचा हे पंधरा मिनिटांत सांगून होतं. पण वायरचं टोक मोकळ्या रक्तात आहे की भिंतीला टेकलंय, हे बोटांना कळायला वर्षं जातात. माझे सर म्हणायचे, "वायर रेटायची नसते, फिरवायची असते. रेटलीस की ती भिंतीच्या पदरात शिरते आणि मग नळीच बंद पडते." पडद्यावर दिसायच्या आधी बोटांना कळतं, आणि बोटांना कळलं की थांबायचं.

वायर अरुंद जागेतून पार होते, मागून बलून जातो, मग स्टेंट. डायचा शेवटचा फवारा सोडला की पाटाला पाणी सुटावं तशी नळी शेंड्यापर्यंत भरते. वीस वर्षांत मी हे कितीदा पाहिलं असेल, तरी अजून जीव हलका होतो. या समाधानाबद्दलच मला लिहायचं आहे, कारण बराच काळ मी त्यालाच पुरावा समजत होते.

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगते, कुणाचा गैरसमज नको. अटॅक येतो तेव्हा नळी गुठळीने अचानक बंद झालेली असते आणि पुढचा स्नायू मरत असतो. तिथे अँजिओप्लास्टी जीव वाचवते, आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. छातीत भरून आलं, घाम फुटला, तर घरी सोडा पिऊन बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. माझा प्रश्न दुसऱ्या पेशंटांचा आहे. चढ चढताना दुखतं, थांबलं की राहतं, असं महिनोन् महिने चाललेले. आणि ज्यांना काहीच होत नाही, पण तपासणीत काहीतरी सापडलं, असेही.

असेच एक तात्या होते, पन्हाळा तालुक्यातले. मुलाने हौसेने हेल्थ चेकअप करवलं, स्ट्रेस टेस्टमध्ये थोडा फरक आला, आणि मी अँजिओग्राफी केली. मुख्य नळीत ऐंशी टक्के ब्लॉकेज. तात्यांना ना दम, ना दुखणं. मी मुलाला आणि जावयाला आत बोलावून पडद्यावर ती जागा दाखवली. "ऐंशी टक्के" हे दोन शब्द कानावर पडले की कुठल्या घरचे लोक म्हणतील, गोळ्यांवर बघू या? त्याच दिवशी स्टेंट टाकला. काम देखणं झालं.

वर्षाने ते तपासायला आले तेव्हा पोट सुटलं होतं. चैत्रात जोतिबाला सासनकाठीला खांदा देणारा माणूस, माडीवर जायचंसुद्धा सोडून बसला होता. विचारलं तर म्हणाले, "स्प्रिंग निसटंल म्हनून, मॅडम. घरची बी हलू देत न्हाईत." स्टेंट निसटत नाही, काही महिन्यांत त्यावर आतलं अस्तर चढतं आणि तो भिंतीचाच भाग होतो. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पण मला लागलं ते वेगळंच. तात्यांना दुखत नव्हतं. मी चित्र दुरुस्त केलं आणि चालता-फिरता माणूस पेशंट करून घरी पाठवला.

'करेज' या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली आले तेव्हा मी शिकत होते. २,२८७ स्थिर पेशंट. निम्म्यांना उत्तम औषधं, निम्म्यांना औषधं आणि अँजिओप्लास्टी. मृत्यू आणि अटॅक यांत फरक पडला नाही. आमच्याकडे त्यावर एवढंच बोलणं झालं, की त्यांचे पेशंट वेगळे आणि स्टेंट जुने. मीही मान डोलावली. मग 'इस्केमिया' आला. ३७ देश, ५,१७९ पेशंट, त्यात आपल्याकडचेही. स्ट्रेस टेस्ट बऱ्यापैकी बिघडलेली माणसं होती ही. उत्तर तेच. ज्यांना दुखत होतं त्यांचं दुखणं मात्र अँजिओप्लास्टी किंवा बायपासने जास्त कमी झालं.

माझ्या बोटांपर्यंत जो पोचला तो अभ्यास मात्र लहान होता. २०१७ साली लंडनमध्ये डॉ. रशा अल-लामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑर्बिटा' जाहीर केला. एकाच नळीत मोठं ब्लॉकेज आणि छातीत दुखणं असलेले दोनशे लोक. सगळ्यांना आधी औषधं नीट बसवून दिली. मग सगळ्यांना कॅथलॅबमध्ये घेतलं, कानांवर हेडफोन लावून संगीत सुरू केलं, झोपेचं औषध दिलं. निम्म्यांना स्टेंट टाकला. उरलेल्यांना तसंच टेबलावर निदान पंधरा मिनिटं निजवून ठेवलं आणि काहीही न करता बाहेर नेलं. कुणाचं काय झालं हे पेशंटला माहीत नाही, वॉर्डातल्या डॉक्टरांनाही नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर पाहिलं. स्टेंटवाले दुसऱ्यांपेक्षा सरासरी १६.६ सेकंद जास्त चालले होते. हा फरक इतका थोडा होता, की तो स्टेंटमुळेच पडला असं म्हणता येत नव्हतं.

तो पेपर वाचला त्या संध्याकाळी ओपीडी संपल्यावर मी आमच्या स्ट्रेस टेस्टच्या मशीनवर उभी राहिले. पहिल्या टप्प्याचा वेग लावला आणि सोळा सेकंद पावलं मोजली. पंचवीस भरली. ओपीडीच्या दारापासून औषधाच्या खिडकीपर्यंतसुद्धा पंचवीस पावलांत जाता येत नाही.

स्टेंट न टाकलेल्यांनाही बरं वाटलं होतं, ही त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त जड गेली. म्हणजे "मॅडमनी स्प्रिंग टाकली आन् मी उभा राहिलो" असं पाय धरून सांगणाऱ्यांपैकी किती जणांना माझ्या हाताने बरं केलं होतं, आणि किती जणांना त्यांच्या विश्वासाने? काही रात्री मी याच हिशेबात जागून काढल्या.

त्याच गटाने २०२३ मध्ये 'ऑर्बिटा-२' जाहीर केला. या वेळी दुखण्याच्या गोळ्या आधी बंद केल्या आणि ३०१ जणांना फोनवर रोज दुखण्याची नोंद करायला लावली. बारा आठवड्यांनी स्टेंटवाल्यांपैकी शंभरात चाळीस जणांचं दुखणं पूर्ण थांबलं होतं. खोटी प्रक्रिया झालेल्यांपैकी पंधरा जणांचं. स्टेंटने दुखणं जातं हे खरंच आहे. पण साठ जणांना स्टेंटनंतरही अधूनमधून दुखतच राहिलं, हेही तितकंच खरं. आता सहीचा कागद पुढे ठेवण्याआधी मी पेशंटला ही दोन्ही वाक्यं सांगते.

मग ब्लॉकेज म्हणजे नेमकं काय? अँजिओग्राफीत आपण नळी पाहतच नाही, तिच्यात भरलेल्या डायची सावली पाहतो. आता प्रेशर वायरने ब्लॉकेजच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजता येतो. पलीकडे दाब ८० टक्क्यांच्या वर टिकत असेल तर रक्त पुरेसं पोचतंय, त्या जागेला सहसा हात लावायचा नाही. 'फेम' अभ्यासात डोळ्यांना ७१ ते ९० टक्के अरुंद दिसणाऱ्या जागा अशा मोजल्या, तेव्हा पाचातली एक अडथळा आणणारी नव्हतीच. तात्यांची ती ऐंशी टक्क्यांची जागा मी मोजली असती तर आकडा काय आला असता, हा विचार अजून मनात येतो.

स्टेंट टाकायचाच असेल तर आतून बघून टाकावा, हेही आता पटलं आहे. दक्षिण कोरियात १,६३९ अवघड केसेसमध्ये हे पाहिलं गेलं. आतून इमेजिंग केलं तिथे त्या नळीचा पुन्हा त्रास ७.७ टक्के, नुसत्या अँजिओग्राफीवर १२.३ टक्के. आपल्याकडे यात खर्चाचा प्रश्न येतोच. सरकारने २०१७ साली औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली, ते फार मोठं काम झालं. पण स्टेंट स्वस्त झाला म्हणून नको तिथे टाकलेला स्टेंट योग्य ठरत नाही. आणि तो नको हे सांगणारी वायर अजून महागच आहे. मला हे मनापासून खुपतं.

अँजिओप्लास्टीचा पहिला पेशंट ३८ वर्षांचा होता. १६ सप्टेंबर १९७७, झुरिक, डॉ. अँड्रियास ग्रुंटझिग. त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बलून बनवून बनवून पाहिले होते. त्या माणसाला छातीत दुखत होतं, आणि ते दुखणं घालवायला बलून आत गेला होता. आमच्या कामाची सुरुवात दुखण्यापासून झालेली आहे.

मागच्या पावसाळ्यात एक आक्का आल्या. भाजी विकतात. स्टँडवरून बाजाराच्या चढाला लागल्या की छाती आवळायची. दोन गोळ्या चालू होत्या, तिसरीने डोकं उठायचं. मी सांगितलं, "आक्का, यानं आयुष्य वाढेल असं मी म्हणणार नाही. दुखणं कमी होईल, कदाचित पूर्ण जाईल, कदाचित थोडं राहील. गोळ्या बदलून अजून महिनाभर बघायचं असेल तरी धोका नाही."

त्यांनी एवढंच विचारलं, "पाटी उचलाय येईल न्हवं?"

"त्यासाठीच करायचं."

मनगटातून जायचं होतं. हिरव्या बांगड्या काढायला त्या तयार होईनात, म्हणून सिस्टरनी त्या कोपराकडे सरकवून वर गॉज गुंडाळला. दाब मोजला, ६८ टक्के. वायर पार झाली. बलून फुगवण्याआधी मी आता नेहमी सांगते, "काय वाटतंय ते बोला." अल-लामींच्या गटाने हेही तपासलं आहे, की बलूनने आणलेलं दुखणं आणि पेशंटचं रोजचं दुखणं एकच असतं का, आणि ते जितकं सारखं तितका स्टेंटचा गुण जास्त येतो का.

दहा सेकंद झाले. पंधरा.

"आलं," आक्का म्हणाल्या. "हेच. चढावरचं. ह्येच हाय बघा."

मी बलून सोडला. पडद्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आवळलेल्या भुवया हळूहळू सैल झाल्या.

"गेलं?"

"गेलं."

वायर चिमटीत तशीच धरून मी सिस्टरना स्टेंट द्यायला सांगितलं.