काळीज नेमकं कुठं?

आपल्या बोलीत 'काळीज' दोन घरी नांदतं. घाबरलं की आजी छातीवर हात ठेवून म्हणते, "काळीज कसं धडधडतंय बघ!" म्हणजे हृदय. आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर मिळतं ते यकृत. 'पोट' या शब्दाचे हाल तर विचारूच नका. पोट भरतं तेव्हा ते जठर असतं, पोट सुटतं तेव्हा सगळं उदर, आणि बाळ आईच्या पोटात असतं म्हणजे गर्भाशयात. जठरात असतं तर बिचारं पचूनच गेलं असतं! बोलताना हे चालतं, पण डॉक्टरांपुढं चालत नाही.

आपल्या वर्गातला शरीराचा तक्ता बघा. त्यातलं यकृत आपल्या डाव्या हाताला दिसतं. खरं तर ते त्या माणसाच्या उजवीकडं, बरगड्यांखाली आहे. तो आपल्याकडं तोंड करून उभा आहे ना! शास्त्रात उजवं-डावं ज्याचं शरीर त्याचं, बघणाऱ्याचं नव्हे. उभं राहायची रीतही ठरलेली आहे : ताठ, हात बाजूला, तळवे पुढं. रोगी खाटेवर आडवा पडला तरी त्याचं डोकं 'वर'च म्हणायचं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याचं पोट दुखू लागलं. सातवीतलं पोर. घरात ओवा झाला, बेंबीला हिंग लावून झाला. "वात धरला असंल," वहिनी म्हणाल्या. सकाळी तो मला म्हणाला, "काका, काल बेंबीपाशी दुखत होतं. आता उजवीकडं खाली सरकलंय," आणि एका बोटानं जागा दाखवली. ते ऐकून मी चहाही घेतला नाही, तडक त्याला तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढं शेपूट असतं, आंत्रपुच्छ. ते सुजलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. ते फुटलं असतं तर पू पोटभर पसरून जिवावर बेतलं असतं. सगळ्यांचंच दुखणं असं सरळ वाट दाखवत नाही; पण पोरानं जागा नेमकी सांगितली, त्याचा फार उपयोग झाला.

कोणता अवयव कुठं, कशाला लागून, हे शरीररचनाशास्त्र. तो काम कसा करतो, हे शरीरक्रियाशास्त्र. विहिरीवरची मोटार खोलून भाग दाखवणं वेगळं आणि पाणी वर कसं चढतं ते सांगणं वेगळं, तसंच हे. मोटारीच्या फूटव्हॉलमुळं पाणी परत विहिरीत उतरत नाही. हृदयातही 4 कप्पे आणि 4 झडपा असतात. त्या रक्ताला मागं फिरू देत नाहीत. झडपा मिटताना जो आवाज होतो, तीच आजीची धडधड.

मधल्या सुट्टीत मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं ठेवून नाडी मोजा. पूर्ण एक मिनिट. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची 60 ते 100 भरते, लहान मुलांची थोडी जास्त. मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे या कागदाखालच्या मोकळ्या जागेत लिहा. खडूनं नको, पेन्सिलीनं!