बाहुबलींच्या खांद्यावरील बटा

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर पहाटे चढणाऱ्या यात्रेकरूंची दृष्टी बहुधा पायऱ्यांवरच खिळलेली असते. सहाशेंहून अधिक पायऱ्या, त्याही अनवाणी. वयस्क माणसे दर वळणावर क्षणभर टेकतात, कोणी णमोकार मंत्र म्हणत पुढचे पाऊल उचलतो. वर पोहोचल्यावर प्रथम दर्शन घडते ते चरणांचे. मग मांड्यांना आणि बाहूंना विळखा घालणाऱ्या वेली, पायांपाशी वारुळे, त्यांतून डोकावणारे सर्प. मान मागे टाकून 57 फूट उंचीवरील मुखाकडे पाहिले की ते मंद स्मित मनात भरते. मस्तकावरील केसांकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. लहान लहान वळलेल्या कुरळांच्या त्या नीटस रांगा एकाच अखंड पाषाणातून कोरलेल्या आहेत. गंग राजांचे मंत्री व सेनापती चामुंडराय यांनी ही मूर्ती इ. स. 981 च्या सुमारास घडवून घेतली.

महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना येथे आणखी एक आनंद लाभतो. मूर्तीच्या पायाशी कन्नड व तमिळ लेखांबरोबर नागरी लिपीतील मराठी अक्षरेही कोरलेली आहेत. हे काम चामुंडराय यांनी करविले आणि भोवतालचा परिसर गंगराज यांनी उभारविला, एवढेच ती सांगतात. आपली भाषा इतक्या दूर, इतक्या जुन्या दगडावर भेटली की मन हरखून जाते.

हाच यात्रेकरू परतीच्या वाटेवर बदामीला उतरला, तर त्याला निराळेच बाहुबली भेटतात. अगस्त्य तीर्थाच्या काठी तांबूस वालुकाश्मात चालुक्यकाळी कोरलेल्या लेण्यांपैकी चौथे लेणे जैन आहे. तेथील बाहुबलींच्या खांद्यांवर लांब बटा उतरल्या आहेत. ऐहोळेच्या जैन लेण्यातही तसेच. श्रवणबेळगोळचीच, पण आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असलेली बाहुबलींची प्राचीन कांस्यमूर्ती पाहावी. तिचेही केस मागे वळवलेले असून बटा खांद्यांवर रुळतात. तपस्वी एकच, कथा एकच; केस मात्र दोन प्रकारचे.

कथा साऱ्यांना परिचित आहे. भरताशी झालेल्या युद्धात जिंकूनही बाहुबलींनी राज्य सोडले आणि ते एक वर्ष कायोत्सर्गात निश्चल उभे राहिले. वेलींना वाटले तो वृक्ष आहे. सर्पांना वाटले ती टेकडी आहे. ज्याने हातही हलविला नाही, त्याचे केस वाढणारच. म्हणून बदामीच्या शिल्पातील त्या बटा अलंकार नव्हेत. वेलीप्रमाणे त्याही सरलेल्या काळाची खूण आहेत. विंध्यगिरीच्या शिल्पकाराने मात्र ही खूण वेली-वारुळांवर सोपविली आणि मस्तकावर तीर्थंकरांच्या मूर्तींना शोभतील असे आखूड कुरळ कोरले. एकाने तपाचा कालावधी दाखविला, दुसऱ्याने तपाचे फळ.

मूर्तिशास्त्रात केसांचे महत्त्व याहूनही जुने आहे. मथुरेच्या कुषाणकालीन जिनमूर्तींवर वृषभ, सिंह अशी लांछने अद्याप आलेली नव्हती. चोवीस तीर्थंकरांपैकी तेथे दोघेच रूपावरून ओळखू येतात : नागफणांमुळे पार्श्वनाथ आणि खांद्यावरील केसांमुळे ऋषभदेव. कल्पसूत्रात ऋषभदेवांनी चार मुठींनी लोच केल्याचे सांगितले आहे. उरलेली पाचवी बट सुवर्णकांती खांद्यावर इतकी शोभली, की ती तशीच राहू द्यावी अशी विनंती इंद्राने केली, ही कथा आचार्य हेमचंद्रांनी रंगविली आहे. दिगंबर परंपरेत त्या जटा दीर्घ तपाच्या द्योतक मानल्या जातात. दोन्ही परंपरांत एक गोष्ट समान आहे. केसांचे सौंदर्य कोणी नाकारले नाही. ते सोडण्याचे मोल तेवढे वाढविले.

विंध्यगिरीच्या समोरच चंद्रगिरी ही लहान टेकडी आहे. आचार्य भद्रबाहू आणि चंद्रगुप्त मौर्य यांची स्मृती परंपरेने तिच्याशी जोडलेली आहे. सल्लेखना घेतलेल्या कित्येक साधकांचे लेख तिच्या खडकावर आहेत. या शांत परिसरात केशलोचाचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोचाची गणना होते. दोन महिन्यांनी केलेला उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम आणि चार महिन्यांनी जघन्य, असा क्रम सांगितला आहे. त्या दिवशी उपवास असतो. बोटांची पकड सुटू नये म्हणून राख घेतली जाते, आणि मस्तकाचे व दाढी-मिशांचे केस हातानेच उपटले जातात. वस्तरा ठेवला तर परिग्रह. नापिताकडे गेले तर याचना. केस वाढविले तर त्यांत जीवोत्पत्ती आणि हिंसा. तिन्ही टाळणारा मार्ग हा एवढाच. आर्यिका व साध्वीही याच मार्गाने जातात.

पाहणाऱ्या आप्तांना मात्र तो सोपा नसतो. ज्ञाताधर्मकथेतील मेघकुमाराच्या दीक्षेचा प्रसंग वाचावा. मुलाचे केस कापले जात असता माता धारिणी ते शुभ्र वस्त्रात झेलते, सुगंधी जलाने धुते आणि रत्नांच्या करंडकात ठेवते. सणावारी हेच आपल्याला त्याचे शेवटचे दर्शन, असे म्हणून तिला रडू आवरत नाही. आजही एखाद्या घरातील मुलगी दीक्षेस उभी राहते, तेव्हा जिने वर्षानुवर्षे तेल लावून तिची वेणी घातली, त्या आईचे हात पदराशी चाळवतात. ती अनुमोदना मनापासून देते. अश्रूही मनापासूनच येतात. धर्माने त्या अश्रूंना कधी दोष दिला नाही. आगमात ते लिहूनच ठेवले आहेत.

केसांची दुसरी कथा एका व्यापाऱ्याच्याच घरातील आहे. श्वेतांबर परंपरा सांगते, की कौशांबीच्या धनावह शेठने विकत घेतलेल्या चंदनेला मुलीसारखे सांभाळले. एकदा ती त्यांचे पाय धूत असता तिचा लांब केशकलाप सुटला. तो चिखलात पडू नये म्हणून शेठने काठीने वर धरला. हे पाहून पत्नी मूलेच्या मनात संशय शिरला. शेठ बाहेर जाताच तिने चंदनेचे मुंडन करविले, पायांत बेड्या घातल्या आणि तिला कोंडून ठेवले. पुढे भगवान महावीरांनी आहारासाठी धरलेला अभिग्रह नेमका तिच्यापाशी पूर्ण झाला. त्यात मुंडित मस्तकाचीही अट होती. तीच चंदना पुढे छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली. पहिले मुंडन दुसऱ्याच्या हाताने, मत्सरातून आले. तो अपमान होता. दीक्षेच्या वेळचा त्याग तिचा स्वतःचा होता. ती मुक्ती होती. मस्तक तेच, केस गेले तेही तसेच. अंतर पडले ते इच्छेचे.

हे अंतर आजच्या संसारातही विसरण्यासारखे नाही. स्थळ पाहताना मुलीच्या वेणीची लांबी अजून नजरेने मोजली जाते. आजारपणात केस गळलेली सून मंदिरात येताना पदर घट्ट ओढून घेते. नातीने केस आखूड केले की आजी चार दिवस अबोला धरते. दुकानात मालाची पारख करणारी आपली माणसे घरातल्या माणसाची पारख मात्र कित्येकदा केसांवरून करतात. ज्या समाजाने मुंडित मस्तकापुढे सर्वांत आदराने वाकावे, त्याच्या घरात कोणा स्त्रीला केसांपायी मान खाली घालावी लागू नये.

दर बारा वर्षांनी होणारा महामस्तकाभिषेक अलीकडे 2018 मध्ये झाला. पाणी, दूध, उसाचा रस, हळद, चंदन यांची धार प्रथम पडते ती त्या कुरळांवर. तेथे ती क्षणभर थांबते, रांगांमधून वाट काढते, खांद्यांवरून वेलींवर येते आणि शेवटी चरणांशी, त्या मराठी अक्षरांजवळून वाहत जाते. उतरताना आजीचा हात धरायला नात असतेच. तिचे केस लांब आहेत की आखूड, हे त्या पायऱ्यांवर कोणी पाहत नाही. हात घट्ट धरला आहे ना, एवढेच पाहिले जाते.